पायाळूचा रुपया

माझं लग्न चारमिनारमुळे मोडता मोडता राहिलं. हैदराबादला मी आजतागायत गेलेले नाही, तरीही.

मी चाकणच्या एका कंपनीत मटेरियल टेस्टिंगला आहे. आलेला माल सांगितलेल्या धातूचाच आहे का ते तपासायचं आणि नसेल तर परत पाठवायचा, हे माझं काम. ज्ञानेशची ओळखही अशीच झाली. तो आम्हाला ब्रॅकेट पुरवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघायचा. त्याचे बाराशे ब्रॅकेट मी एका दिवसात रिजेक्ट केले. तो तावातावाने भांडायला आला आणि चहा पिऊन गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा भांडायला आला, तेव्हा भांडायला काही कारणच नव्हतं. मग मी ओळखलं.

त्याचं घर म्हाळुंग्याचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. थोडी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेलीवर खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या. घरात शब्द चालतो तो आजोबांचा, बबनरावांचा. वय एक्क्याऐंशी, पांढरी टोपी, आवाज असा की मोबाइल नसता तरी चाकणपर्यंत पोचला असता. आम्ही परभणीकडचे. पप्पा जिंतूर तालुक्यातून भोसरीला नोकरीसाठी आले, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आता रावेतला नवव्या मजल्यावर राहतो. पप्पांची आई, शालनआजी, आमच्याजवळच असते. तिला लिफ्ट आवडत नाही, एक्स्प्रेसवे आवडतो. गॅलरीत बसून ती तासन्‌तास गाड्या बघते आणि ‘एवढे लोक रोज काहून मुंबईला जातेत’ असं विचारते.

सुपारी फोडायला एका रविवारी आम्ही म्हाळुंग्याला गेलो. पोहे झाले, चहा झाला, तारखांवर बोलणं झालं. मग माझी ओटी भरायची वेळ आली, तेव्हा बबनरावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ज्ञानेशच्या आजीने, भागूबाईंनी, आतून एक लाल फडकं आणून दिलं. बबनरावांनी ते सावकाश उलगडलं.

“आमच्यात सुनंच्या ओटीत नोट पडत न्हाई,” ते म्हणाले. “बंदा रुपया पडतो. चांदीचा, कलदार. माझ्या आज्यानं जपून ठेवल्याला हाय.”

ताटलीत काळसर पडलेला एक जाडजूड रुपया टणकन वाजला. सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या शालनआजीने वाकून बघितला आणि तिचाही चेहरा खुलला. तिने कमरेची पिशवी सोडली, आतून तसाच एक काळा रुपया काढला आणि ताटलीत पहिल्याच्या शेजारी ठेवला.

“हा माह्या मायचा हाय,” ती म्हणाली. “नातीसाठी आणला. दोन्ही घरचे रुपये संगं पडू द्या ओटीत.”

बबनरावांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला.

“ह्यो कसला वो? ह्यावर तर चार मिनार हायती.”

“हाव. निजामाचा हाली रुपया हाय.”

“हात्तिच्या! मोगलाईतला व्हय!” आजोबा खदाखदा हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, जुनं काही आठवल्यावर माणूस हसतो तसं हसले. “आमचा आजा गुरं घ्यायला सोलापुराकडं जायचा. बा त्याची गोष्ट सांगायचा, हाली रुपया कुणी हातात धरीत नसं. सात हाली द्यावं, तवा सहा कलदार मिळायचं. बट्ट्याचा रुपया!”

इंग्रज सरकारचा, यंत्रावर पाडलेला तो कलदार. निजामाने आपल्या राज्यात चालवलेला तो हाली. एक देऊन दुसरा घेताना मधे जे कापलं जायचं तो बट्टा. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. त्या वेळी त्या खोलीत बसलेल्या पंचवीस माणसांना बट्ट्याचा एकच अर्थ ठाऊक होता, नावाला लागतो तो.

आजीने बबनरावांच्या हातातून आपला रुपया घेतला, पदराने पुसला आणि पिशवीत टाकला.

“शेखर, ऊठ,” ती पप्पांना म्हणाली. “लेकराला बट्टा लावून घ्यायला आलो नाई आपण.”

“अवो इहीणबाई, मी रुपयाबद्दल बोललो!”

“म्याबी रुपयाबद्दलच बोलले,” आजी म्हणाली आणि चपला घालून थेट गाडीत जाऊन बसली. माझी ओटी अर्धीच भरलेली. नारळ होता, तांदूळ होते, रुपया नव्हता.

घरी आल्यावर आजी जेवली नाही. मी तिच्याजवळ बसले, तेव्हा तिने पिशवी पलंगावर उपडी केली. सात रुपये होते. सगळ्यांवर चारमिनार आणि उर्दू अक्षरं. ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तिच्या आईलाही येत नव्हती.

“माय सुईण होती माही,” आजी म्हणाली. “दहा गावांत तिच्याशिवाय बाई मोकळी होत नव्हती. देणार काय लोक? पायलीभर जवारी, नाईतर खणाचं कापड. रुपया कोण देतंय! पर एखादी बाई अगदी मरणाच्या दारातून माघारी आली, तर घरातला माणूस रडत रडत रुपया काढून द्यायचा. सबंध जल्मात असे सात मिळाले तिला.”

मग ती एकेक उचलून सांगू लागली. हा जुळ्यांचा. हा तीन दिवस अडलेल्या सोनारणीचा. हा पुरात, देवळाच्या ओट्यावर झालेल्या पोरीचा. मी सगळे उलटसुलट करून बघितले. मला सातही सारखेच दिसत होते, तिला मात्र प्रत्येकाचा चट्टा न्‌ खाच ठाऊक होती.

“आणि ओटीत टाकणार होतीस तो?”

“तो पायाळूचा. पोर पायाकडून आलं होतं. मायनं रातभर झुंजून काढलं. लई गुणाचा रुपया हाय, म्हणून तुला काढला होता.” तिने तो तळहातावर घट्ट दाबून धरला. “त्याला बट्ट्याचा म्हणला तो माणूस.”

पुढचे दहा दिवस आमच्याकडे न्‌ म्हाळुंग्याला दुसरा विषय नव्हता. आजीचं म्हणणं एकच, इवायाने शब्द माघारी घ्यावा. बबनरावांचं म्हणणं, मी काय खोटं बोललो? आजा खोटं बोलला का? ते म्हणे चाकणच्या एका सराफाच्या दुकानात जाऊन बसले आणि हाली रुपयाबद्दल चार लोकांच्या साक्षी गोळा करून आले. त्यातल्या तिघांनी हाली रुपया कधी पाहिलाच नव्हता. इकडे आजीने जिंतूरला आठ फोन केले. तिकडून एका चुलतमामांनी निरोप धाडला की, निजामाबद्दल आपण जन्मभर शिव्याच देत आलो, पण त्याच्या चांदीला बाहेरच्या माणसाने नावं ठेवली तर ऐकून घ्यायचं नाही. पप्पांची बीपीची गोळी दीडपट झाली. आई म्हणाली, “लग्न पोरीचं आहे की रुपयांचं?”

ज्ञानेश नि मी चाकणच्या चौकात एका टपरीवर भेटलो. कंटेनरच्या रांगा हलत नव्हत्या, आम्हीही हललो नाही.

“तू रोज काय करतेस?” त्याने विचारलं.

“माल तपासते.”

“मग हाही तपास ना. दोघांसमोर. तू माझे बाराशे ब्रॅकेट रिजेक्ट केलेस तेव्हा रिपोर्ट बघितल्यावर माझ्याकडे बोलायला शब्द नव्हता. मशीनने सांगितलं की माणूस गप्प होतो.”

मला पटलं. आमच्या कंपनीत बाहेरची वस्तू आत न्यायला परवानगी नसते, पण माझ्याबरोबर शिकलेला संघर्ष नावाचा मित्र भोसरीत छोटी टेस्टिंग लॅब चालवतो. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, लॅबही बंद असते. तो म्हणाला, “गुरुवारी खास उघडतो. असा जॉब आपल्याकडे पुन्हा येणार नाही.”

आजीला विचारलं. ती गॅलरीत गाड्या बघत होती.

“मशीनला मायचं काय कळतंय?”

“मायचं नाही कळत, चांदीचं कळतं.”

“इवायाचाबी तपासणार ना?”

“हो.”

“मग चल.”

बबनरावांना ज्ञानेशने एवढंच सांगितलं की त्या येणार आहेत. ते म्हणाले, “बाईमाणूस भीत न्हाई, तर मी भिऊ व्हय?”

सगळं जुळलं आणि बुधवारी संध्याकाळी मी मोबाइल घेऊन बसले. या रुपयांबद्दल तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. हाली रुपयात चांदी साधारण ब्याऐंशी टक्के. सरकारी रुपयात ब्याण्णवच्या आसपास. म्हणजे बबनरावांचा आजा खरं बोलला होता. जो हरणार हे ठरलेलं होतं, त्याच माणसाला मी हौसेने मैदानात नेत होते, आणि तो माणूस माझी आजी होती. मी ज्ञानेशला फोन केला.

“रद्द करूया?” तो म्हणाला.

“आजीने इस्त्रीची साडी काढून ठेवलीय.”

“आजोबांनी टोपी धुतलीय.”

रद्द झालं नाही.

गुरुवारी अकराला आम्ही भोसरीत. एरवी प्रेसच्या आवाजाने कान बसणारी ती गल्ली अगदी शांत होती. संघर्षने चार खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. एकीवर आजी, एकीवर बबनराव. भागूबाईही आल्या होत्या, पण त्या दारापाशी उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात. त्यांच्या हातातल्या रुमालाचा पार चोळामोळा झाला होता. मला वाटलं, भांडणाची धास्ती घेतली असेल.

संघर्षने टेबलावर ती गन ठेवली. धातूवर रोखून घोडा दाबला की आतमध्ये काय काय किती टक्के आहे ते पडद्यावर येतं.

“बंदूक?” बबनराव म्हणाले.

“एक्स-रे आहे, आजोबा. रुपया स्टँडवर ठेवायचा, हात लांब.”

“आधी त्यांचा घ्या,” आजी म्हणाली.

“न्हाई, आधी त्यांचा. पाव्हण्यांचा मान.”

शेवटी संघर्षने चिठ्ठ्या टाकल्या. आजीचा नंबर आला. तिने पायाळूचा रुपया स्टँडवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. गनने टुक केलं. पडद्यावर आकडे आले. चांदी एक्क्याऐंशी पूर्णांक सहा, बाकी तांबं.

“एक्क्याऐंशी,” बबनराव म्हणाले. “माझ्या वयाएवढं. वाईट न्हाई. आता बघा कलदार.”

त्यांनी लाल फडकं उलगडलं आणि आपला रुपया ठेवला. मी डोळे मिटून घेतले. टुक. मग डोळे उघडून पडद्याकडे बघितलं.

चांदी पन्नास. तांबं चाळीस. निकेल पाच. जस्त पाच.

“मशीन बिघडलं,” बबनराव म्हणाले.

संघर्षने स्वतःच्या बोटातली चांदीची अंगठी ठेवून बघितली, बरोबर आली. रुपया पुन्हा ठेवला. पन्नास. उलटा ठेवला. पन्नास. बबनरावांनी सदऱ्याच्या खिशातून ठेवणीतला दुसरा रुपया काढला. तोही पन्नास.

संघर्षने तो भिंगाखाली धरला. “आजोबा, यावर सन चव्वेचाळीस आहे. तेव्हा महायुद्ध चाललं होतं. चांदीची टंचाई होती, म्हणून इंग्रज सरकारने रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली. त्याच्या आधीचे, राणीचं तोंड असलेले रुपये एकदम चोख असायचे. हा त्यातला नाही.”

“कसा न्हाई? माझा आजा छत्तीस साली गेला. चव्वेचाळीसचा रुपया त्यानं कुठनं ठेवावा?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मेलेल्या आज्याने आठ वर्षांनंतरचा रुपया कसा जपून ठेवला? तेवढ्यात दारातून आवाज आला.

“आज्यानं न्हाई ठिवला. म्या ठिवला.”

बबनराव वळले. भागूबाई आत आल्या आणि रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

“लगीन होऊन चार म्हयनं झालं होतं,” त्या आजीकडे बघत सांगू लागल्या, नवऱ्याकडे बघायचं त्यांनी टाळलंच. “दिवाळीला देव घासाय घेतलं. निर्माल्याच्या टोपल्यात देवाचं टाक राह्यलं आन्‌ मी ती टोपली इंद्रायणीत सोडून आली. खंडोबा, भवानी, समदं गेलं. सासूबाई म्हंजी निखारा. सांगू कुणाला? फडक्यात ह्यांच्या आज्याचं राणीछाप होतं. ते घेऊन म्या आळंदीच्या सोनाराकडं गेली आन्‌ टाक पाडून आणलं. माझ्या भावानं दोन रुपये दिलं, ते फडक्यात बांधलं. ह्यांनी कधी निरखून बघितलंच न्हाई. लगीन असलं की काढायचं, वाजवायचं, पुन्हा बांधायचं.”

“सत्तावन्न वर्सं?” बबनराव म्हणाले.

“व्हय.”

“आन्‌ मी रोज ज्या खंडोबाला आंघोळ घालतो त्यो?”

“त्योच तुमचा कलदार.”

बबनरावांनी टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला. टोपी घातली. पुन्हा काढली. ज्ञानेश माझ्याकडे बघायचं टाळत होता, कारण बघितलं असतं तर आम्हा दोघांनाही हसू फुटलं असतं. संघर्ष भिंग पुसत होता, ते आधीच स्वच्छ होतं. आजी मात्र उठली आणि जाऊन भागूबाईंचा हात हातात घेतला.

“एवढं वझं एकटीनं वागवलंस, माय,” ती म्हणाली. “मला सांगायचं होतं.”

“तुमी तवा कुठं होता?”

“तेबी खरंच.”

दोघी हसायला लागल्या. भागूबाईंचं हसणं मधेच रडण्याकडे वळलं आणि पुन्हा हसण्यावर आलं. बबनराव उठले. मला वाटलं आता आवाज चढणार. पण ते टेबलाजवळ गेले आणि स्टँडजवळचा आजीचा रुपया दोन बोटांत धरून आजीसमोर आले.

“इहीणबाई, बट्टा आमच्या रुपयाला लागला. ह्यो घ्या.” मग म्हणाले, “ज्ञानेश सांगत होता, ह्यो पायाळू पोराचा हाय म्हणून.”

“हाव.”

“मीबी पायाळूच.”

“तरीच,” आजी म्हणाली, “उलटं बोलता.”

आता मात्र संघर्षला भिंग खाली ठेवावं लागलं. बबनराव सगळ्यांत मोठ्याने हसले. परतीच्या वाटेवर त्यांनी भोसरीत सगळ्यांना उसाचा रस पाजला. भागूबाईंना मात्र दोन ग्लास, कशाबद्दल ते बोलले नाहीत.

साखरपुडा रावेतला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. ओटीत पायाळूचा रुपया पडला आणि त्याच्याजवळ चव्वेचाळीस सालचा अर्ध्या चांदीचाही. भागूबाईंच्या भावाने दिलेला म्हणून मीच तो मागून घेतला.

या सगळ्यात नवीन खूळ मात्र बबनरावांच्या डोक्यात शिरलं. ज्ञानेशच्या मागे लागून ते पुण्याला नाण्यांच्या प्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांना कळलं की इंग्रज असतानाही कितीतरी संस्थानिक आपापले रुपये पाडत होते. बडोद्याच्या रुपयावर गायकवाड पगडी घालून बसलेत. इंदूरच्या रुपयावर डोळे-नाक असलेला सूर्य आहे. कच्छवाल्यांचा तर रुपयाच नाही, त्यांची कोरी. आता दर पंधरा दिवसांनी ते बसने रावेतला येतात, आजीसमोर गॅलरीत बसतात आणि नवीन काही मिळालं असेल तर दाखवतात.

गेल्या खेपेला उदयपूरचा रुपया आणला होता.

“ह्यो वाचता येतो,” ते म्हणाले. “आपली बाळबोध अक्षरं हायती. वाचा.”

आजीने चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं. “दोस्ति... लंधन. लंधन म्हंजी?”

“लंडन! उदयपूरच्या राजानं लिवलंय, आमची लंडनशी दोस्ती हाय.”

“रुपयावरच?”

“रुपयावरच.”

आजीने तो उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

“आन्‌ लंडनवाल्यांनी? त्यांच्या रुपयावर उदयपूरचं काई लिवलं का?”

बबनरावांनी तिथूनच ज्ञानेशला फोन लावला. तो शिफ्टमध्ये होता, तरी उचलला. बोलणं झाल्यावर त्यांनी फोन हळूच खाली ठेवला.

“न्हाई म्हणतोय. त्यांच्यावर नुसतं त्यांचंच तोंड.”

“मंग कसली वो दोस्ती!” आजी म्हणाली आणि शिऱ्याची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

बबनरावांना ते मुळीच पटलं नाही. शिरा खाता खाता ते उदयपूरच्या बाजूने बोलत राहिले, आजी ऐकून घेत राहिली, आणि खाली एक्स्प्रेसवेवरून गाड्या मुंबईकडे जात राहिल्या. मी चहा टाकायला आत गेले, तेव्हा ते म्हणत होते, “पर त्या राजानं तरी करावं काय, इहीणबाई?”